शुभदाचं अपील

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अपील शाखेचा शिरस्तेदार म्हणून माझी हयात गेली. छाती पुढे काढून सांगतो, माझ्या नजरेखालून गेलेला अपिलाचा निकाल हायकोर्टाने कधी नाक मुरडून परत पाठवला नाही! जज्ज येतात, जज्ज बदलून जातात; शिरस्तेदार जागेवर असतो. नवे जज्जसाहेब आले की पहिल्या आठवड्यातच मी त्यांच्या चेंबरमध्ये जाऊन अदबीने उभा राहायचो आणि विचारायचो, "साहेब, ऑर्डर एकेचाळीस, रूल एकतीस?" समंजस साहेब मान डोलवायचे. बाकीचेही मान डोलवायचे आणि मी बाहेर पडल्यावर घाईघाईने पुस्तक उघडायचे.

तुम्हाला म्हणून सोपं करून सांगतो. खालच्या कोर्टाने निकाल दिला, हरलेला माणूस वर आला. आता वरच्या कोर्टाने नुसतं "खालच्यांचं बरोबर आहे, जा घरी" म्हणून चालत नाही. वादाचे मुद्दे काय ते आधी मांडायचे. प्रत्येक मुद्द्यावर निर्णय द्यायचा. त्या निर्णयाची कारणं द्यायची. आणि खालचा निकाल फिरवला, तर आलेल्या माणसाच्या पदरात काय पडणार, म्हणजे दाद, तीही लिहायची. शिवाय दोन्ही बाजू ऐकायच्या आणि पुरावा स्वतः पुन्हा तपासायचा. आमटी दुसऱ्याने केलेली असली तरी चव आपल्याच जिभेने बघायची, एवढीच ती गोष्ट.

आमच्या घरात हे सगळ्यांना तोंडपाठ. सरोज, म्हणजे आमची मंडळी, आल्यागेल्याला सांगते, "मंगलाष्टकं संपायच्या आत यांनी मला अंतरपाटाआडून रूल एकतीस सांगितला." साफ खोटं आहे. दुसऱ्या दिवशी सांगितला.

तर मी असा कायद्याचा माणूस, पण डोंबिवलीतल्या आमच्या घरात कोर्ट भरायचं ते अक्काचं. अक्का म्हणजे प्रमोदिनी, माझी थोरली बहीण. ऐन तरुणपणी तिचं कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी परत आली. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, शिकवलं, चार माणसांत बसण्याजोगं केलं. त्यामुळे घराण्यातल्या सगळ्या सोयरिकी तिच्यासमोर यायच्या. पत्रिका, फोटो, घराण्याची माहिती, सगळा पसारा मांडायचा आणि अक्काने एक शब्द बोलायचा. "चालेल" किंवा "नको". सरोजलाही तिनेच पसंत केलं, "चालेल" म्हणून. आपल्या वाट्याला जरा मोठं वाक्य यायला हवं होतं, असं सरोजला अजून वाटतं.

चोपन्न सालच्या मार्गशीर्षात कल्याणच्या पारनाक्यावरचे प्रभाकरपंत बेहेरे आपल्या मुलाला घेऊन आमच्या शुभदाला बघायला आले. मुलगा आनंद, रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायचा. शेलाटा, नाकीडोळी नीटस, बोलणं कमी. आमची शुभदा मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिने पोहे आणून दिले, दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि रीतीप्रमाणे माजघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आता बैठकीत बोलायचं कुणीतरी. मग मीच बोललो.

मी अपिलाबद्दल बोललो. पोहे संपले, चहा झाला, उन्हं कलली, प्रभाकरपंतांची मान छातीवर टेकली, तरी बोललो. आणि तो मुलगा काय ऐकत होता! चेहऱ्यावर हसू, मधूनमधून मान डोलवतोय, आणि नजर माझ्या पाठीमागच्या काचेच्या कपाटावर खिळलेली. त्या कपाटात माझी कायद्याची पुस्तकं होती, सोनेरी अक्षरांची, दर रविवारी मी स्वतः पुसायचो ती. कायद्याच्या पुस्तकांवर इतका जीव जडलेला तरणा मुलगा मी जन्मात पाहिला नव्हता. जावई असावा तर असा, असं माझ्या मनाने तेव्हाच घेतलं.

मंडळी गेली. अक्का अशा वेळी पुढे येत नसे. मंगल कार्यात विधवेने समोर यायचं नाही, ही तेव्हाची रीत, आणि अक्का ती आमच्यापेक्षा कडक पाळायची. माजघराच्या दुसऱ्या दाराच्या फटीतून ती सगळं बघायची. पाहुण्यांची पाठ वळली तशी ती बाहेर आली, पोह्यांच्या बशा उचलल्या आणि म्हणाली, "नको."

झालं! निकाल लागला. शुभदा आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळी टोपी डोक्यावर ठेवतोय, तर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"बाबा, आत्याच्या निकालावर अपील चालतं का?"

मी टोपी काढून खुंटीला लावली. "कुठल्या कारणावर करणार?"

"निकालाला कारण दिलेलं नाही."

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. जिल्ह्यातले नावाजलेले वकील अपिलाच्या अर्जात वीस-वीस कारणं खरडतात आणि नेमकं हेच विसरतात. माझ्या पोरीने एका वाक्यात मुळावर बोट ठेवलं होतं! तिला मुलगा आवडला होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं, पण तिने रड केली नाही, हट्ट केला नाही, कारण मागितलं. मी म्हणालो, "अपील दाखल."

लगेच स्वयंपाकघरात गेलो. अक्का तांदूळ निवडत होती.

"अक्का, बेहेऱ्यांना नकाराचा निरोप धाडू नकोस. तुझ्या निकालाला स्थगिती."

"कुणाची?"

"माझी."

"बरं," अक्का खडा फेकत म्हणाली. "येताना कोथिंबीर आण."

"आणि नकाराचं कारण काय ते सांग."

अक्काचा हात सुपात थांबला. "ते तुला ऐकवायचं नाही, हरी."

मी आवाज खाली आणला. "व्यसन आहे का त्याला?"

"नाही."

"घराण्यात काही?"

"घराणं चांगलं आहे. उगाच खोदू नकोस."

मी खोदणार नव्हतोच. खालच्या कोर्टाच्या कारणांची चर्चा चुलीपाशी करायची नसते. त्यासाठी सुनावणी असते. रविवार ठरवून टाकला. अक्काने कारण सर्वांसमोर सांगायचं, दोन्ही बाजूंनी बोलायचं, मी निकाल द्यायचा. पण दोन्ही बाजू म्हणजे कोण? एक बाजू शुभदा. अक्का दुसरी बाजू होऊ शकत नव्हती. ज्याने निकाल दिला त्याला पक्षकार करता येत नाही. मग माझ्या लक्षात आलं, नकाराने नुकसान होणार ते बेहेऱ्यांच्या मुलाचंसुद्धा. म्हणजे त्यालाही ऐकलं पाहिजे!

सरोज म्हणाली, "अहो, साधं पोस्टकार्ड टाका ना. रविवारी चहाला या म्हणून."

"पोस्टकार्ड? उद्या ते म्हणाले मिळालंच नाही, तर?"

"तर परत चहा करीन मी."

बायकांना बजावणीचं महत्त्व समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी बसलो आणि वळणदार अक्षरात पत्र लिहिलं: 'कु. शुभदा हरिहर खांबेटे हिचे अपील. विषय: चि. आनंद बेहेरे. सदर अपिलाची सुनावणी येत्या रविवारी दुपारी डोंबिवली मुक्कामी होईल. आपण चिरंजीवांसह हजर राहून आपले म्हणणे मांडावे. गैरहजर राहिल्यास एकतर्फी निर्णय घेण्यात येईल. लोभ असावा ही विनंती.' शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. घरगुती ओलावा नको का!

आता हे पोचवायचं कुणी? आमच्या कोर्टाचा धाकू बेलीफ त्याच दिवशी कल्याणकडे नोटिसा घेऊन निघाला होता. खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला, खांद्याला पिशवी आणि पिशवीत खळीचा डबा. धाकूच्या हातून पक्षकार सुटला असं कधी झालं नव्हतं. म्हटलं, "धाकू, एवढं पारनाक्यावर बेहेऱ्यांकडे पोचतं कर." एवढंच म्हटलं. अधिक काही म्हणायचं मला सुचलं नाही.

संध्याकाळी धाकू हसत आला.

"भाऊसाहेब, काम फत्ते."

"दिलंस हातात?"

"हातात कोनाच्या देनार? घराला टाळा. समदी मंडली खडवलीला लग्नाला गेलेली. मंग मी शेजारचे मास्तर आनि तेलवाला दगडूशेट, दोघांना पंच म्हनून बोलावलं, खळ लावली आनि दारावर डकवली. दोघांच्या सह्या घेतल्यात. मोठ्यानं वाचून पन दाखवली, नंतर कोन बोलायला नको का आम्हाला म्हाईत नव्हतं."

मी मटकन खुर्चीत बसलो. "अरे धाकू, ते घरगुती होतं रे."

"घरगुती?" धाकू बिचारा गांगरला. "भाऊसाहेब, खाली तर लिवलंय का न्हाय आलात तर एकतर्फी. आमच्या घरात असं कोन लिवत न्हाय."

पारनाक्याचं काय झालं ते आम्हाला शेवंतीकडून कळलं. शेवंती कल्याणच्या बाजारातून भाजी आणून डोंबिवलीत दारोदार विकायची. पाटी उतरवता उतरवताच तिने सरोजला सांगितलं, "वयनी, आयकलंव का? पारनाक्यावं बेहेऱ्यांच्या पोरावं केस झालीय. डोंबिवलीच्या कुनाच्या पोरीला लग्नाचं वचन दिलं आनि फसवली म्हनतात. दारावं कोर्टाचा कागूद हाय. म्या सोता बघला."

सरोजने दुधी घेतला.

दुसऱ्या दिवशी शेवंती आली तेव्हा फसवलेल्या पोरी दोन झाल्या होत्या आणि त्यातल्या एकीचा भाऊ फौजदार होता. तिसऱ्या दिवशी बेहेऱ्यांच्या घरावर जप्ती येणार होती आणि पारनाक्यावरच्या बायका त्यांच्या तांब्याच्या बंबावर आतापासूनच नजर ठेवून होत्या. सरोज माझ्यापाशी आली, माझ्या हातातलं वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाली, "तुमचं अपील कल्याणला चांगलंच पोचलं हो."

शुभदाने आतून ऐकलं. ती दाराशी येऊन उभी राहिली. "बाबा, मी केस नव्हती केली. अपील केलं होतं." आणि मग इतक्या दिवसांचं धरून ठेवलेलं रडू फुटलं. "आता ते लोक आपलं तोंडसुद्धा बघायचे नाहीत."

माझा जीव कासावीस झाला. उठून तडक कल्याणला जावं आणि प्रभाकरपंतांचे पाय धरावेत असं वाटलं. चप्पलसुद्धा घातली. मग आठवलं, सुनावणी लागलेली असताना न्यायाधीशाने एका पक्षकाराला खासगीत भेटणं शोभत नाही. चप्पल काढली. सरोजने कपाळावर हात मारून घेतला. अक्का मात्र शिक्षा सुनावल्यासारखी रविवारपर्यंत मला रोज दुधीची भाजी वाढत राहिली.

रविवारी दुपारी फाटक वाजलं. मी खिडकीतून पाहिलं आणि माझी पाचावर धारण बसली. पुढे काळा कोट घातलेले प्रभाकरपंत. त्यांच्या मागे काखेत कागदांचं बाड धरलेले, त्यांनी आणलेले कल्याणचे टिपणीस वकील. मागे पंच म्हणून सही केलेला दगडूशेट तेलवाला, सुगंधी तेल लावून आलेला. त्याच्या मागे आनंदच्या चांगल्या वागणुकीची साक्ष द्यायला आणलेले शेजारचे मास्तर. आणि सर्वांत शेवटी खाली मान घातलेला आनंद.

आमच्या बैठकीत एवढी माणसं गणपतीतसुद्धा बसत नाहीत. सरोजने शेजारून पाट मागवले.

प्रभाकरपंत बसलेच नाहीत. "खांबेटे, माझ्या मुलाने कोणालाही वचन दिलेलं नाही. साक्षीदार आणलेत. विचारा."

टिपणीस वकील घसा खाकरून उभे राहिले. "माझी प्राथमिक हरकत आहे. हे कोर्टच नव्हे. यांना अधिकारच पोचत नाही."

काय सांगू तुम्हाला! अंगावर मूठभर मांस चढलं. किती वर्षांनी इतकी स्वच्छ, वेळेवर घेतलेली हरकत ऐकत होतो! मी खुर्चीत ताठ बसलो. "हरकत नोंदली. फेटाळली."

"कारण द्या," टिपणीस म्हणाले.

"चहा टाकलाय."

टिपणीस वकिलांनी क्षणभर विचार केला आणि खाली बसले. मग मी प्रभाकरपंतांना घडलेलं सगळं समजावून सांगितलं. फिर्याद नाही, वचन नाही, फौजदार भाऊ नाही. बेलिफाने घरगुती पत्र सवयीने दारावर डकवलं, एवढंच. प्रभाकरपंतांचा चेहरा हळूहळू निवळत गेला.

"म्हणजे केस नाहीच?"

"छे हो. अपील आहे."

"कशावर?"

"आमच्या घरातून तुमच्या मुलाला नकार झाला, त्यावर."

बोलून गेलो आणि जीभ चावली. प्रभाकरपंतांचा चेहरा निवळत होता तो एकदम तापल्या तव्यासारखा झाला. "नकार? आमच्या मुलाला? आणि तो कळवायला आमच्या दारावर कागद डकवता? पारनाक्यावर मला मान वर करून चालता येत नाही, खांबेटे. चल रे आनंद."

आनंद उठला. दगडूशेट उठला. मास्तर उठले. टिपणीस चहाची वाट बघत अर्धवट उठले. माजघराच्या दारात शुभदाने चौकट घट्ट धरली होती, आणि मला काही सुचेना. मुद्दे, निर्णय, कारणं, दाद, सगळं डोक्यातून पुसून गेलं. एवढंच दिसत होतं की माझ्या पोरीचं लग्न त्या फाटकातून बाहेर पडतंय, आणि ते मीच बाहेर काढलंय.

तेवढ्यात अक्का बाहेर आली.

अशा कामासाठी माणसं बसलेली असताना अक्का बैठकीत आल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सरोज दचकून बाजूला झाली. अक्का सरळ मधोमध आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बसा प्रभाकरपंत. नकार मी दिला. कारण ऐका आणि मग जायचं तर जा."

सगळे बसले. अक्काने बसा म्हटल्यावर उभा राहिलेला माणूस अजून जन्मायचाय.

"मुलगा रूपाने चांगला, नोकरी चांगली, तुमचं घर चांगलं. पण त्या दिवशी आमचा हरी दुपारभर ते अपील-अपील करत बसला. मी फटीतून बघत होते. हा मुलगा जागचा हलला नाही. कंटाळला नाही. वर हसतोय आणि माना डोलवतोय. हरी पाळण्यात होता तेव्हापासून मी त्याला ओळखते. त्याचं हे पुराण इतक्या गोड चेहऱ्याने ऐकणारा माणूस एक तर ठार बहिरा असणार, नाहीतर पक्का लबाड. बहिरा असता तर मी विचार केला असता. पण लबाडाच्या घरी आमची पोर जायची नाही. आणि नक्की कोण ते मला ठरवता येईना, म्हणून नको म्हटलं. हरीला वाईट वाटेल म्हणून कारण नाही दिलं."

टिपणीस वकिलांनी रुमालात तोंड घालून खोकला काढला. सरोज काहीतरी आणायला म्हणून आत गेली आणि आतून कसलातरी दबलेला आवाज आला. दगडूशेट उघडउघड हसला.

माझं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. पण मी अपील कोर्ट होतो! स्वतःचा अपमान झाला म्हणून कोर्ट उठून जात नाही. मी कागद ओढला आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "मुद्दा पहिला: मुलगा बहिरा आहे काय? मुद्दा दुसरा: मुलगा लबाड आहे काय?" आणि आनंदला पुढे बोलावलं.

"त्या दिवशी मी जे बोललो ते तुम्ही ऐकलंत?"

आनंदने वडिलांकडे पाहिलं. "खरं सांगू?"

"खरंच सांगायचं."

"नाही ऐकलं."

"काहीच नाही?"

"ऑर्डर एकेचाळीस एवढं आठवतंय. त्यानंतरचं नाही."

मी कपाटाकडे बोट दाखवलं. "पण तुम्ही माझ्या पुस्तकांकडे एकटक बघत होतात. मी स्वतः पाहिलं."

त्याचे कान लाल झाले. "पुस्तकांकडे नव्हतो बघत." मग हळूच म्हणाला, "तुम्ही इथे बसून बघा, म्हणजे कळेल."

टिपणीस वकील म्हणाले, "माझी हरकत नाही. स्थळपाहणी व्हावी."

पुरावा स्वतः तपासायचा, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबायचं नाही. आयुष्यभर हेच सांगत आलो होतो. उठलो आणि आनंद ज्या खुर्चीत बसला होता तिच्यात जाऊन बसलो. समोर माझी रिकामी खुर्ची, तिच्या मागे काचेचं कपाट. दुपारचं ऊन खिडकीतून माजघराच्या दारावर पडलं होतं. काचेत पुस्तकं दिसतच नव्हती. सोन्याचं एक अक्षर दिसत नव्हतं. दिसत होती शुभदा. चौकट धरून उभी, डोळे ओले, आणि हसू आवरायला पदर दातात धरलेला.

ते कपाट मी किती वर्षं पुसत होतो! प्रत्येक वेळी मला पुस्तकांच्या पाठी दिसल्या. ही पोर कधी एवढी मोठी झाली, एवढी देखणी झाली, ते मला दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर कळलं. आणि हिनेच माझ्यासमोर उभं राहून कारण मागितलं होतं. न्यायाधीशाने असं करू नये, पण मी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

अक्का माझ्या मागे आली. माझ्या खांद्यावरून वाकून तिने काचेत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग सरळ झाली.

"चालेल."

"अक्का, थांब," मी म्हणालो. "अपील चालू असताना खालच्या कोर्टाला आपला निकाल असा मधेच फिरवता येत नाही. अजून मला दोन्ही मुद्द्यांवर निर्णय, त्याची कारणं..."

"हरी, गूळ आण बघू आतून. पाहुण्यांचं तोंड गोड करायचंय."

मी गूळ आणायला गेलो. माझं अपील तिथेच संपलं. मुद्दे लिहिलेला तो कागद टिपणीस वकिलांनी चहाची बशी ठेवायला घेतला.

पण प्रभाकरपंत अजून धुमसत होते. "इथे सगळं गोड झालं. पण पारनाक्यावर माझी बेअब्रू झाली, तिचं काय? कोणाकोणाला समजावत फिरू?"

"कुणाला समजावायचं नाही," अक्का म्हणाली. "जिथे कागद डकवला तिथेच दुसरा डकवायचा. त्याच माणसाने, त्याच पंचांसमोर."

तसंच झालं. वैशाखात लग्न ठरलं. रजेच्या दिवशी धाकू खाकी कोट आणि पितळी बिल्ला घालून पारनाक्यावर गेला, त्याने मास्तरांना आणि दगडूशेटला बोलावलं, खळ लावून लग्नपत्रिका बेहेऱ्यांच्या दारावर डकवली आणि गल्ली गोळा होईपर्यंत मोठ्याने वाचली. प्रभाकरपंतांनी त्याला उपरणं दिलं. सगळा खुलासा झाला असं मानून मी निर्धास्त झालो.

दुसऱ्या दिवशी शेवंतीने पाटी उतरवली. "वयनी, आयकलंव का? ती डोंबिवलीची पोर केस जिंकली. कोर्टानं त्या पोराला लगीन करायला लावलं. तोच कोटवाला हुकूम डकवून गेला."

सरोजने या वेळी दुधी घेतला नाही, तिला आंबे दिले. आणि पारनाक्यावर त्या दिवसापासून जी समजूत झाली ती आजतागायत कायम आहे. टिपणीस वकिलांना मात्र कल्याणात लोक बरेच दिवस "हरलात हो" म्हणून सांत्वन करायला भेटत होते.

लग्नात वरात निघण्याआधी आनंद मांडवातून उठला. अक्का रीतीप्रमाणे मागच्या खोलीत एकटी बसली होती. तो तिथे गेला आणि सगळ्यांच्या आधी तिच्या पाया पडला. भटजी काहीतरी पुटपुटले. अक्काने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही. शुभदाचा अभिमान मला होताच. त्या दिवशी जावयाचाही वाटला.

दिवाळसणाला दोघं आली. फराळ झाला आणि जावईबापू आपणहून त्या जुन्या खुर्चीत जाऊन बसले. शुभदा माजघराच्या दारात पान लावत उभी होती.

"बाबा," आनंद म्हणाला, "ते अपिलातले चार मुद्दे परत एकदा नीट सांगा ना."

फटीमागून अक्का खुसखुसली. मी खुर्ची पुढे ओढली, कपाटाकडे पाठ केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. जावई हसतमुखाने मान डोलवत होता. तो कुठे बघत होता हे तपासायला मी काही मागे वळलो नाही. तो मुद्दा निकालात निघालेला होता.